अठ्ठावीस मिलिमीटर

नॉटिंगहॅममध्ये कालव्याच्या काठी
लेसच्या जुन्या गिरणीत, तिसऱ्या मजल्यावर
माझं दुकान आहे.
यंत्रं कधीच भंगारात गेली.
काप गेले, भोकं राहिली;
फरशीतल्या त्या बोल्टांच्या भोकांत
आता माझे सांडलेले अवयव सापडतात:
बुटक्यांच्या कुऱ्हाडी, राक्षसांचे कान,
एकदा एका चेटकिणीचा अंगठा.

आल्विन स्टेंडल फेब्रुवारीत जिना चढून आला.
निवृत्त पोस्टमन. धाप लागलेली.
खिशात काड्यापेटी, पेटीत कापूस,
कापसात मुंडकं तुटलेला कप्तान.
"भावाचा आहे. क्लेमंटचा. तो गेला ना.
कंपनीनं हा बनवणं बंद केलंय, चौकशी केली मी.
याच्यावरूनच साचा काढा. अस्साच हवा.
कुणाला कळणार आहे?"

मी दिवा खाली ओढला, भिंग फिरवलं.
ओळखलाच.
तुटक्या शिरस्त्राणावर दुतोंडी ससाणा,
छातीवर मोडक्या चाकाचं चिन्ह.
हे त्यांचं. खोक्यावरचं नावसुद्धा त्यांचं.
बंद झालं म्हणून बेवारस होत नाही;
कुलूप लावलेलं घर म्हणजे काय धर्मशाळा?

"मग थोडा बदला," तो म्हणाला,
"दहा टक्के बदललं की चालतं म्हणतात."

म्हणतात खरं. मीही म्हणायचे.
एका वर्षी ससाण्याचं घुबड केलं,
नाव एका अक्षरानं फिरवलं
आणि जत्रेत चाळीस विकले.
मग वकिलाचं पत्र आलं. अगदी सभ्य.
कागद इतका जाड
की घडी घालताना आवाज झाला.
साचे कापताना रबर ओरडत नाही,
नुसतं कुरकुरतं.
उरलेले एकशे अकरा शिपाई
भांड्यात परत वितळवले मी:
पाय आधी जातात, तोंडं शेवटी.

भाला कुणाचा नाही. ढाल कुणाची नाही.
ड्रॅगन तर कुणाच्याच बापाचा नाही.
पण दुसऱ्यानं रात्री जागून कोरलेल्या ड्रॅगनची
शेपटी धरून बाजार मांडायचा,
म्हणजे आयत्या बिळावर नागोबा.

हे काही त्याला सांगितलं नाही.
चहा टाकला. विचारलं,
"क्लेमंट उभा कसा राहायचा?"

तो उठला.
डावा खांदा पाडला. "पिशवीमुळे.
आम्ही दोघंही टपालात."
वजन उजव्या टाचेवर,
हनुवटी वर,
कुत्रं असलेल्या फाटकासमोर ठेवावी लागते तशी.
तसाच उभा राहिला,
चहा निवेपर्यंत.

तीन आठवडे हिरवी पुट्टी, सुई, बोटांना व्हॅसलीन.
चिलखताखाली मी त्याला स्वेटर घातला,
कोपराला रफू,
भिंगाशिवाय दिसायचं नाही असं.
शिरस्त्राण काखेत, बिनपक्ष्याचं.
तलवार नको म्हणाला आल्विन.
मग हातात पत्र दिलं,
भाताच्या शितापेक्षा लहान.
नाव ठेवलं: शेवटच्या फेरीचा कप्तान.
शोधून पाहिलं, ते कुणी घेतलेलं नव्हतं.

आल्विननं तो तळहातावर घेतला.
खिडकीशी नेला.
"नाक जरा मोठं झालंय," म्हणाला.
मग म्हणाला, "नाही. होतंच."

पैसे मोजता मोजता मी विचारलं,
हा इतरांना विकू का? चांगला चालेल.
तो दाराशी थांबला.
"हात तुमचा," म्हणाला,
"पण तोंड त्याचं आहे.
त्याला विचारायला हवं होतं."
आणि एकेक पायरी मोजत उतरला.

साचा फळीवर आहे.
दोन फाळकी, वर रबरबँड.
अजून पन्नास तरी निघतील त्यातून.
गिऱ्हाइकं काचेतल्या एकमेव नगाकडे बोट दाखवतात,
हा कितीला, म्हणतात.

मी सांगते,
परवानगीची वाट बघतेय.